तुम्ही विचारलंत म्हणून : फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाला नेमके काय लागते?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे येणारे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील बहुधा एकच प्रश्न विचारतात : फिजिओथेरपीचे पुढचे शिक्षण अमेरिकेत घ्यायचे असेल, तर प्रवेशासाठी काय काय लागते? त्यांना कागदपत्रांची यादी हवी असते. ती देता येते आणि पुढे दिलीही आहे; परंतु विचारणारा आज कोणत्या पदवीवर उभा आहे हे ठाऊक नसताना दिलेली यादी बहुतेक वेळा दिशाभूल करते. जळगावात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारा मुलगा आणि इंटर्नशिप संपवून बसलेली बी.पी.टी.एच.ची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, मुलगी एकच प्रश्न विचारतात, पण त्यांची उत्तरे इतकी वेगळी आहेत की एकाचे उत्तर दुसऱ्याने पाळले तर त्याची दोन-तीन वर्षे आणि घरच्यांचे बरेच पैसे वाया जाऊ शकतात. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे या व्यवसायात शिरायचे ते बारावीनंतर. आतापर्यंत महाराष्ट्रात साडेचार वर्षांचा बी.पी.टी.एच. हा अभ्यासक्रम राहिला आहे, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात, आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम.पी.टी.एच., म्हणजे त्याच विषयातले पदव्युत्तर शिक्षण, करता येते. अमेरिकेत मात्र फिजिओथेरपी पदवीच्या पातळीवर शिकवून परवाना दिला जात नाही. तेथे विद्यार्थी आधी कोणत्याही विषयातली पदवी घेतो आणि मग साधारण तीन वर्षांच्या डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो. कॅप्टी ही तेथील मान्यता देणारी संस्था 2016 पासून या व्यवसायाच्या प्रवेशासाठी केवळ डॉक्टरेट पातळीचेच अभ्यासक्रम मान्य करते. तेव्हा डीपीटी हे एम.पी.टी.एच.च्या पुढचे पाऊल आहे असे जे आपल्याकडे समजले जाते, ते बरोबर नाही. ते तिथले पहिलेच व्यावसायिक शिक्षण आहे, फक्त पदवीनंतर सुरू होणारे.

डीपीटीला अर्ज करण्यासाठी पदवीचा विषय कोणताही चालतो, परंतु काही विषय महाविद्यालयीन पातळीवर आणि बहुतेक प्रयोगशाळेसह पूर्ण केलेले असावे लागतात. मानवी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, जीवशास्त्र, रसायनशास्त्राची दोन सत्रे, भौतिकशास्त्राची दोन सत्रे, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय जवळपास सर्वत्र मागितले जातात. प्रत्येक विद्यापीठाची यादी थोडी वेगळी असते आणि काही ठिकाणी हे विषय गेल्या पाच ते दहा वर्षांतच झालेले असावेत अशीही अट असते. ‘इतकी कडक यादी कशासाठी?’ असे पालक विचारतात. त्याचे कारण असे की अमेरिकेतील पन्नासही राज्यांत, काही मर्यादांसह का होईना, रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो. कंबर दुखत आहे ती स्नायूमुळे, मणक्यातल्या चकतीमुळे, मुतखड्यामुळे की आणखी गंभीर कारणामुळे, हे ओळखून रुग्णाला योग्य डॉक्टरकडे पाठवण्याची जबाबदारी त्या पहिल्या भेटीतच फिजिओथेरपिस्टवर येते. औषधांचे परिणाम समजण्यासाठी रसायनशास्त्र लागते, जुनाट वेदना समजण्यासाठी मानसशास्त्र लागते. भौतिकशास्त्राविषयी शंका असेल तर रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊन पाहावे : घड खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रककडे चालणारा मजूर एका बाजूला किती झुकतो, तो भार मणक्यापासून जितका लांब तितका पाठीच्या स्नायूंवर ताण कसा वाढतो, आणि त्याला घड कुठे टेकवायला सांगितले म्हणजे तो ताण कमी होईल, हा सारा तरफेचा आणि बलाच्या आघूर्णाचा हिशेब आहे. तो न करता दिलेला व्यायाम अंदाजाने दिलेला असतो.

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला यामुळे पहिल्या वर्षापासूनच विचार करावा लागतो. आपल्याकडे जीवशास्त्राची बाजू घेणाऱ्या मुलांचे भौतिकशास्त्र बारावीला सुटते आणि बारावीचे भौतिकशास्त्र बहुतेक ठिकाणी महाविद्यालयीन विषय म्हणून धरले जात नाही. मानवी शरीररचनेचा स्वतंत्र विषयही प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात असतोच असे नाही. शिवाय आपली तीन वर्षांची पदवी अनेक अमेरिकी विद्यापीठे त्यांच्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष करण्याची सोय ज्यांच्या महाविद्यालयात आहे, त्यांनी ते करावे असे माझे स्पष्ट मत आहे. बी.पी.टी.एच. झालेल्यांचे शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र झालेले असते. त्यांना अडचण येते ती रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसह असलेल्या सत्रांची. स्वतःचा विषय चार वर्षे शिकूनही पुन्हा भौतिकशास्त्र करावे लागते हे ऐकून या मुली हिरमुसतात, आणि त्यांचे हिरमुसणे मला पूर्णपणे समजते. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, त्याविषयी थोडे पुढे लिहिले आहे.

गुणांच्या बाबतीत अनेक विद्यापीठे चारपैकी किमान 3.0 सरासरी मागतात, पण प्रत्यक्षात प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास असते. आपली टक्केवारी स्वतःच भागाकार करून त्या मापात बसवू नये. मूल्यांकन करणाऱ्या संस्था विषयवार गुणपत्रक पाहून ते रूपांतर करतात आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पासष्ट टक्के घाबरून जावे इतके वाईट दिसत नाहीत. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा अनेक ठिकाणी आता मागत नाहीत. टोफेल किंवा तत्सम इंग्रजीची परीक्षा लागते. बहुतेक अर्ज पीटीकॅस या एकाच सामायिक अर्जव्यवस्थेतून होतात आणि तिचे नवे वर्ष जूनच्या मध्याला उघडते. शिफारसपत्रांपैकी एक परवानाधारक फिजिओथेरपिस्टचे आणि एक विज्ञानाच्या प्राध्यापकाचे असावे अशी अपेक्षा असते.

यानंतरची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडे तिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. ती म्हणजे निरीक्षणाचे तास. परवानाधारक फिजिओथेरपिस्ट रुग्णांवर उपचार करत असताना विद्यार्थ्याने शेजारी उभे राहून पाहायचे आणि झालेल्या तासांवर त्या फिजिओथेरपिस्टने सही करायची. काही विद्यापीठे तास मागत नाहीत, काही शंभरच्या आसपास मागतात, काहींना ते रुग्णालयातले आणि बाहेरच्या दवाखान्यातले असे दोन्ही प्रकारचे हवे असतात, आणि परदेशातले तास धरायचे की नाही याबद्दलही प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. दर वर्षी कोणीतरी माझ्याकडे येऊन, अगदी नम्रपणे, न केलेल्या तासांवर सही मागते. मी ती देत नाही. खोट्या सहीवर माझी नोंदणी धोक्यात येते हे तर आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की हे तास विद्यार्थ्याच्याच भल्यासाठी आहेत. लकव्याच्या रुग्णाला पलंगाच्या कडेवर बसते करायला पहिल्या दिवशी किती वेळ लागतो, गुडघा बदललेली आजी गुडघा वाकवताना ओरडते तेव्हा कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, एकच व्यायाम आठवडेच्या आठवडे करून घेण्यात किती धीर लागतो, हे पाहिल्यावर काही मुलांना आपण यासाठी नाही असे कळते. ते तीन वर्षांच्या कर्जाआधी कळणे फार चांगले.

आणि हे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची मुळीच गरज नाही. कापूस वेचणीच्या हंगामात मान आणि कंबर धरून येणाऱ्या बाया, भुसावळच्या रेल्वेतले खांदेदुखीचे कर्मचारी, मोटारसायकलच्या अपघातातून उठलेली तरणी मुले, सातपुड्यातल्या पाड्यावरून खांद्यावर बसवून आणलेले सेरेब्रल पाल्सीचे लेकरू, हे सारे आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि तालुक्याच्या दवाखान्यांत येतात. पारोळ्याकडची एखादी मावशी ‘मनी कंबर दुखस’ म्हणते तेव्हा ती कधीपासून दुखते, वाकल्यावर की उभे राहिल्यावर, पायात मुंग्या येतात का, हे तिच्याच बोलीत विचारून घेता येणे हे आपल्या मुलांचे खरे बळ आहे. रोज जे पाहिले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, रुग्णाचे नाव मात्र लिहू नये.

या वहीचा उपयोग अर्जातल्या निबंधाला होतो. पीटीकॅसचा निबंध 4500 अक्षरांच्या आत बसवायचा असतो आणि अलीकडच्या वर्षांत त्यातला प्रश्न साधारण असा राहिला आहे की, लोकांना मदत करण्याचे इतर अनेक व्यवसाय असताना तुम्ही हाच का निवडता. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक निबंधांत ‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे’ एवढेच असते. निवड करणारा प्राध्यापक हे वाक्य दिवसभर वाचत असतो. त्याऐवजी एका रुग्णाविषयी, त्याच्या उपचारात घेतलेल्या एका निर्णयाविषयी आणि तो निर्णय तसाच का घेतला याविषयी लिहावे.

आता बी.पी.टी.एच. झालेल्यांचा दुसरा रस्ता. त्यांना अमेरिकेत काम करण्यासाठी डीपीटी पुन्हा करणे सक्तीचे नाही. एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून आपल्या शिक्षणाचे विषयवार मूल्यांकन करून घ्यावे लागते, त्यात तिथल्या शिक्षणाच्या तुलनेत जी तूट निघेल ती भरून काढावी लागते, ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याच्या परवाना मंडळाची संमती घ्यावी लागते आणि मग एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने राज्य आधी ठरवणे आवश्यक आहे. येथेच आपल्या मुलांची मोठी फसगत होते. त्यांना व्यायामशास्त्र, आरोग्य व्यवस्थापन किंवा अशाच एखाद्या विषयातली दोन वर्षांची मास्टर्स पदवी सुचवली जाते, प्रवेश सहज मिळतो, आणि ती पदवी हातात आल्यावर कळते की तिच्यामुळे रुग्णाला हात लावण्याचा परवाना मिळत नाही. ती पदवी वाईट नसते. संशोधनासाठी किंवा नोकरीच्या दुसऱ्या वाटेसाठी ती कोणी समजून घेतली तर उत्तमच. पण ‘मी तिथे फिजिओथेरपिस्ट होणार’ असे घरी सांगून ती घेऊ नये. ब्रिटनमध्येही दोन वर्षांची नोंदणीपूर्व एम.एस्सी. ही मुख्यतः इतर विषयांच्या पदवीधरांसाठी आहे; बी.पी.टी.एच. झालेली व्यक्ती एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे थेट नोंदणीसाठी अर्ज करू शकते.

आणि इथेच राहून शिकणाऱ्यांसाठी : एम.पी.टी.एच.साठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची पीजीपी-सीईटी द्यावी लागते, बी.पी.टी.एच. आणि इंटर्नशिप पूर्ण झालेली असावी लागते, आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हातात असावे लागते. अस्थी-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, समुदाय अशा शाखांतून निवड करायची असते. ज्याला शिकवायचे आहे किंवा एखाद्या शाखेत खोल जायचे आहे त्याने हा मार्ग निःसंकोच घ्यावा. आपल्या तालुक्यांत लकव्यानंतरच्या पुनर्वसनाची जाण असलेली माणसे इतकी थोडी आहेत की, मज्जासंस्थेची शाखा घेऊन परत येणाऱ्या प्रत्येकाला इथे काम आहे.

पैशाचा प्रश्न वडील सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, म्हणून त्याचे उत्तर मी सर्वांत स्पष्ट देते. डीपीटीच्या तीन वर्षांचा शिक्षण आणि राहण्याचा खर्च मिळून बऱ्याच ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर जातो, परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी मदत फार कमी असते आणि काही अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. व्हिसासाठी निदान पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. विहिरीचे पाणी असलेली जमीन या भरवशावर विकू नये. बी.पी.टी.एच. झालेल्यांनी आधी मूल्यांकन करून घ्यावे. त्याचा खर्च तुलनेने थोडा असतो आणि त्यातून आपली नेमकी तूट किती हे लेखी कळते.

बी.पी.टी.एच.च्या गुणपत्रकांची विषयवार अधिकृत प्रत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून घ्यावी लागते, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून नव्हे. फिजिओथेरपीचे विद्यार्थीसुद्धा हे विचारायला चुकीच्या ठिकाणी जातात. त्यासोबत प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून इंटर्नशिप चालू असतानाच अर्ज करावा. हिपॅटायटिस बी आणि गोवराच्या लसींच्या नोंदी शोधून ठेवाव्यात, कारण प्रवेशानंतर रुग्णालयात पाठवण्यापूर्वी त्या मागतात. एवढे हाती असले की निवडलेल्या प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल लिहून तीनच गोष्टी विचाराव्यात : हा अभ्यासक्रम कॅप्टीमान्य आहे का, भारतात केलेले निरीक्षणाचे तास आणि विषय तुम्ही धरता का, आणि परदेशी विद्यार्थ्याला तुम्ही प्रवेश देता का. उत्तरे लेखी आली की ती घेऊन माझ्याकडे या. मग आपण बसून अर्ज भरू.