सांगकाम्या

'अण्णा, प्रिंट येईना झालंय की ओ.' बेळगावच्या खडेबाजारातलं हिशेबाचं ऑफिस असो, उद्यमबागेतली फौंड्री असो, नाहीतर खानापूरच्या स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान असो, कंप्युटर बघणाऱ्याला येणारा फोन बहुतेक याच वाक्याने सुरू होतो. पावसाळ्यात तर जास्तच. लाईट डोळा मारून जाते, प्रिंटर मध्येच थांबतो आणि अर्धवट छापलेलं काम रांगेच्या तोंडाशी आडवं पडून राहतं. काही होईना म्हणून माणूस पुन्हा प्रिंट दाबतो, मग पुन्हा. आडव्या पडलेल्याच्या मागे आणखी अकरा जण येऊन उभे राहतात. पहिल्याला काढायला जावं तर तिथे 'डिलीटिंग' असं येतं आणि संध्याकाळपर्यंत तेच राहतं. कंप्युटर बंद करून चालू केला तरी फरक नाही, कारण ही रांग डिस्कवर फाईल होऊन बसलेली असते.

इलाज ठरलेला आहे. प्रिंटची रांग सांभाळणारी स्पूलर नावाची विंडोजची सेवा थांबवायची. सी ड्राईव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, या फोल्डरमधल्या फाईली उडवायच्या आणि सेवा परत चालू करायची. प्रत्येक कामाच्या तिथे दोन फाईली असतात. एसपीएल म्हणजे छापायचा मजकूर आणि एसएचडी म्हणजे त्याची चिठ्ठी: कोणाचं काम, कुठल्या प्रिंटरवर, किती प्रती. सेवा चालू असताना त्या उडवायला गेलं तर विंडोज सोडत नाही, म्हणून हा क्रम. हाताने करायचं तर दहाबारा क्लिक. नोटपॅडमध्ये 'नेट स्टॉप स्पूलर', मग पुसण्याची ओळ, मग 'नेट स्टार्ट स्पूलर' असं लिहून फाईलीला शेवटी बॅट हे शेपूट लावलं की स्क्रिप्ट तयार, पुढच्या वेळी फक्त उजवं क्लिक आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. नुसतं डबलक्लिक केलं तर ५ नंबरची एरर येते, परवानगी नाही म्हणून.

स्क्रिप्ट म्हणजे एवढंच. तिला प्रोग्रॅमिंग म्हणणं म्हणजे चहा टाकण्याला स्वयंपाक म्हणण्यासारखं. हा एक सांगकाम्या गडी आहे. सांगितलेलं करतो, न सांगितलेलं करत नाही आणि चुकीचं सांगितलेलं तर फारच मन लावून करतो.

याचा पहिला नमुना त्या ॲडमिनिस्ट्रेटरमध्येच लपलेला आहे. फाईल पेनड्राईव्हवर ठेवून साधी उघडली तर ती आपल्याच फोल्डरमध्ये उभी असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडली की उभी राहते थेट सिस्टिम३२ मध्ये. 'इथलं सगळं पूस' हे वाक्य पहिल्या जागी निरुपद्रवी, दुसऱ्या जागी विंडोजच्या देवघरात झाडू. म्हणून पुसायच्या ओळीत पूर्ण पत्ता लिहायचा, आणि फाईलच्या सुरुवातीला सीडी, तिरकी रेघ, डी आणि अवतरणात टक्का-टिल्ड-डीपी-शून्य अशी ओळ टाकायची. ती गड्याला आधी स्वतःच्या घरी आणून उभं करते. त्यातला डी विसरला तर तो सी ड्राईव्हवरून पेनड्राईव्हवर येत नाही, आणि आलो नाही हे बोलतही नाही.

इंटरनेट गेलं म्हणून येणाऱ्या फोनसाठी दुसरी फाईल. तीन वेळा पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक: आधी राऊटर, म्हणजे बहुतेक १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता, मग एखाद्या साईटचं नाव. पहिल्यालाच उत्तर नाही तर वायर नाहीतर वायफाय. दुसऱ्याला नाही तर लाईन. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी सोय. यात दोन खड्डे आहेत. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', म्हणजे तिथे पोचता येत नाही, हेसुद्धा पिंग उत्तर म्हणून मोजतं आणि सगळं ठीक असल्याचा निरोप देतं. म्हणून निरोपावर न जाता उत्तरात 'टीटीएल' हा खऱ्या उत्तरातच येणारा शब्द आहे का ते शोधायला सांगावं. दुसरा खड्डा म्हणजे या फाईलीचं नाव 'पिंग' ठेवणे. मग आतल्या ओळीतला पिंग खरा पिंग शोधत नाही, शेजारच्या याच फाईलीला हाक मारतो, ती पुन्हा स्वतःला, आणि आज्ञांची काळी खिडकी धबधब्यासारखी वाहत राहते.

सीमाभागाची खास गंमत मात्र नावांत आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं आणि इंग्रजी स्पेलिंग Belgaum चं Belagavi झालं. ऑफिसातल्या जुन्या फाईली जुन्या स्पेलिंगच्या, नव्या नव्या स्पेलिंगच्या, आणि काही टायपिस्टच्या मूडप्रमाणे. या शहराच्या सगळ्या फाईली एका फोल्डरात हलवायला सांगावं, तर जुनं स्पेलिंग दिल्यावर नव्या राहतात. इंग्रजी पहिली चार अक्षरं देऊन पुढे चांदणी (*, म्हणजे 'पुढे काहीही चालेल') लावली तर बेळगावच्या जुन्या फाईली येतात, नव्या येत नाहीत आणि शेजारच्या बेळगुंदी गावाच्या फुकटात येतात. तीन अक्षरांवर आलं तर बेळवडीही हजर. दोन्ही स्पेलिंगांची पूर्ण नावं दोन वेगळ्या ओळींत लिहावीत हे बरं. चांदणी जपून वापरावी. एक्सएलएस (एक्सेलच्या जुन्या फाईली) पूस म्हटलं तर बऱ्याच मशीनवर एक्सएलएसएक्स फाईलीही जातात, कारण विंडोज मागच्या दाराने जुन्या पद्धतीचं, तीनच अक्षरी शेपटीचं नाव सांभाळून असतं. पुसायची ओळ आधी पुसण्याऐवजी नुसती यादी दाखवणारी 'डीआयआर' करून चालवावी, यादी डोळ्यांनी बघावी आणि मगच शब्द बदलावा. बॅकअपसाठीच्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेत 'मिर' (मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत) लिहिताना तर दोनदा. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर रिकामा पेनड्राईव्ह मूळ फोल्डरलाही आपल्यासारखंच रिकामं करून सोडतो.

तारखेचंही तसंच. फोल्डरला आजची तारीख द्यायची तर एका मशीनवर ती आडव्या रेघेने येते आणि अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर तिरक्या रेघेने. तिरकी रेघ नावात चालत नाही, बॅकअप तिथेच मोडतो. विंडोजमधल्याच पॉवरशेल या नव्या आज्ञा-खिडकीकडून वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे मागून घ्यावेत. यादीही ओळीने लागते.

राहता राहिली पडद्यावरची भाषा. जुन्या काळ्या खिडकीत देवनागरी चौकोन होऊन येते, कन्नडचीही तीच गत. पाट्यांवरून जे काही व्हायचं ते होवो, इथे दोघांनाही जागा नाही. म्हणून निरोप इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागतो, आणि या भागात तो दोनदा, मराठीत आणि कन्नडमध्ये, लिहिलेला बरा: 'झालं. आय्तु.' त्याखाली 'पॉज' हा एक शब्द, नाहीतर निरोप वाचायच्या आत खिडकी मिटते. पुसण्याआधी 'रांगेतली सगळी कामं जातील' हे सांगून थांबणारी एक ओळ असावी. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं चलनही त्याच रांगेत असतं.

एवढं केलं की पुढचा फोन लहान होतो.

'अण्णा, ते काळं आलं बगा. त्यात आय्तु म्हणतंय.'

'कागद आला?'

'आला की. परत अकरा वेळा दाबलं, अकरा आले.'