पाव कालचा असेल तर

वडापावचा विषय निघाला की मुंबईत प्रत्येकाकडे मत असतं, आणि ते फिरून फिरून वड्यावरच येतं. लसूण किती, आलं घालायचं की नाही, सारण पिवळं की पांढरट, यावर लोक हिरीरीने भांडतात. पावाचं नाव कुणी काढत नाही. तो बिचारा गृहीतच. पण दादर, परळ, गिरगाव, कुठेही उभं राहून पाहा: एक गाडी आवडते आणि शेजारची आवडत नाही, याचं कारण बऱ्याचदा पावात दडलेलं असतं. सारण जरा डावं असलं तर चटणी सांभाळून घेते. पाव कालचा असेल तर त्याला कुणीच सांभाळून घेत नाही.

लादीपावाची गंमत त्याच्या भिंतींत आहे. मैद्याचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून लावतात. फुगताना ते एकमेकांवर रेलतात आणि भट्टीची आच फक्त वरून आणि तळातून लागते. म्हणून माथा तपकिरी, बूड किंचित कडक आणि चारही बाजू पांढऱ्या, मऊ, ओलसर. गाडीवाला लादीतून पाव तोडतो आणि सुरी त्या पांढऱ्या बाजूने घालतो. एक कड जोडलेली ठेवतो, म्हणजे वडा मागून निसटत नाही. ब्रून किंवा कडक पाव इथे का चालत नाही, हेही यातच आलं. कडक कवचावर दाब दिला की पाव तुटायच्या आधी आतला वडा फुटतो. ब्रूनने मस्क्याबरोबर चहात जावं, तिथे तो राजा आहे.

पाव पोर्तुगीजांकडून आला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोव्यात पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, पीठ फुगवायला ताडी वापरत. शहरातल्या बेकऱ्यांत ते काम यीस्ट करतं. वडा त्या पावात जायला मात्र बराच काळ जावा लागला. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर ही जोडी जमली, असं साधारणपणे सांगितलं जातं. गिरणगावातल्या पाळ्यांना ते खाणं चपखल बसलं: ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको.

बेकरीचा पाव बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा निघतो, पहाटे आणि दुपारी. संध्याकाळी पाचनंतरचा वडापाव सकाळी अकराच्या वडापावपेक्षा चांगला लागतो, याचं अर्धं श्रेय दुपारच्या लादीला आहे. भट्टीतून निघाल्या निघाल्या पाव खाऊ नये, तो आत चिकट असतो. तासाभराने तो जमतो आणि पुढचे पाच-सहा तास त्याचे असतात. ताजा पाव ओळखायला वास घ्यायची गरज नाही. बोटाने दाबा आणि सोडा. हळूहळू वर आला तर आजचा, खड्डा तसाच राहिला आणि कडेला भुगा पडला तर कालचा. बटर लावून तव्यावर भाजलेला पाव ही बरेचदा कालच्या पावाची सारवासारव असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिळा पाव कोरडा पडतो, असं आपण म्हणतो. पाणी उडून जातं हे खरंच, पण मैद्यातला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बसतो, हे त्याहून मोठं कारण. ही क्रिया फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होते. म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणं हा तो बिघडवायचा खात्रीचा मार्ग. उद्या खायचा असेल तर घट्ट पिशवीत बाहेर ठेवा. चार दिवसांनी लागणार असेल तर थेट फ्रीझरमध्ये टाका. शिळा पाव वाफेवर दोन मिनिटं धरला की पुन्हा मऊ होतो, पण लगेच खावा लागतो. परत निवला की चिवट होतो. असे उरलेले पाव कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकणं हाच त्यांचा सन्मान.

घरी करायचाच तर अर्धा किलो मैद्याला सात ग्रॅम कोरडं यीस्ट, पंचवीस ग्रॅम साखर, दहा ग्रॅम मीठ, पस्तीस ग्रॅम लोणी आणि तीनशे ते सव्वातीनशे मिली कोमट पाणी. पीठ हाताला चिकटणारच. घाबरून वर मैदा भुरभुरला की पाव दडस होतो. पंधरा मिनिटं ताणून मळा, दुप्पट फुगू द्या, पन्नास-पन्नास ग्रॅमचे गोळे करा; सतरा-अठरा होतात. ट्रेमध्ये गोळ्यांत बोटभर अंतर ठेवा, दुसऱ्यांदा फुगल्यावर ते आपोआप भिडतात. दोनशे अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं, आणि बाहेर काढल्यावर लगेच ओलं फडकं झाकायचं. फडकं विसरलात तर वरची साल कडक राहते आणि मग घरच्या पावाला बेकरीची सर येत नाही म्हणून यीस्टला दोष दिला जातो.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. आता चव जाणार, अशी हळहळ लगेच सुरू झाली. ब्रूनच्या बाबतीत तिला थोडा अर्थ आहे. लादीपावाला धूर फारसा लागतच नाही, लागते ती विटांची साठलेली, एकसारखी आच. ती मिळाली तर पाव तक्रार करणार नाही.

आता वडा. बटाटा जुना हवा. नवा बटाटा पाणचट असतो आणि त्याचं सारण हातात बसत नाही. उकडून, पूर्ण निववून, हाताने फोडायचा. किसणी किंवा मिक्सर वापरला की लगदा होतो. अर्धा किलोला सहा-सात हिरव्या मिरच्या, आठ-दहा पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं जाडसर ठेचा. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग ठेचा, शेवटी हळद. दहाएक वडे होतात. सारण गरम असताना वडे तळायला घेतले की आतली वाफ आवरण फोडते आणि बटाटा तेलात सांडतो. दोन वाट्या बेसनाला साधारण एक वाटी पाणी, मग चमच्याने वाढवत न्यायचं. चमच्याच्या पाठीवर थर टिकला की थांबायचं. एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन, सोडा चिमूटभरच. सोडा जास्त झाला की आवरण जाळीदार होऊन तेल पितं.

तेल तापलं की नाही, हे पिठाचा थेंब सांगतो: तळाशी जाऊन लगेच वर आला की वडे सोडायचे. घाणा भरगच्च घातला की तेल थंड पडतं आणि वडे तेलकट होतात. पिठाचे कण झाऱ्याने काढत राहायचे, नाहीतर ते जळून पुढचा घाणा कडवट करतात. तेच कण सोनेरी असताना काढले की चुरा. हुशार गाडीवाला पीठ मुद्दाम शिंपडून चुरा करतो आणि तो सुक्या चटणीत मिसळतो. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ आणि चुरा, एवढंच. ही चटणी पावाच्या आतल्या पोटाला चोळून लावायची असते, वरून भुरभुरायची नसते. ती वड्याची वाफ आणि तेल शोषून घेते आणि पाव ओला होण्यापासून वाचतो. हिरवी आणि चिंचेची चटणी त्यानंतर, बेताने.

गाडीवर गेल्यावर भाव विचारण्याआधी कढईकडे पाहावं. तेल काळपट आणि फेसाळ असेल तर पुढे चालायला लागावं. परातीत वड्यांचा डोंगर दिसला तर पुढचा घाणा कधी, हे विचारावं आणि थांबावं. चार मिनिटांचा प्रश्न असतो.

पार्सल हा या पदार्थाचा शत्रू. बंद पुडीत वड्याची वाफ पावात मुरते आणि दहा-पंधरा मिनिटांत आवरणही मऊ, पावही दमट. वर्तमानपत्रात बांधून देण्यावर तर नियमानेच बंदी आहे, कारण शाई तेलात उतरते. न्यायचंच असेल तर पाव, वडे आणि सुकी चटणी वेगवेगळी मागावी. वड्यांची पिशवी उघडी ठेवावी आणि घरी वडे कोरड्या तव्यावर परतून घ्यावेत. मायक्रोवेव्हमध्ये आवरण रबरासारखं होतं. मिरच्या मीठ लावलेल्याच घ्याव्यात. त्या निवल्या तरी चालतात.