ब्रेक अपडेट: एबीएस सेन्सर साफ, पुढचे पॅड नवीन

तर मंडळी, प्रॉब्लेम असा होता की सिग्नलला गाडी थांबतच आली की पेडल पायाखाली थरथरायचं, रस्ता कोरडा, वेग जेमतेम १०, तरी एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) मधे पडायचं आणि मीटरवर दिवा मात्र नाही. असं झालं की थेट एबीएसच्या महागड्या मॉड्यूलपर्यंत (कंट्रोल युनिट) जाऊ नका, आधी चाकाचा वेग मोजणारे सेन्सर बघा. माझ्याकडे दोन वायरचे पॅसिव्ह सेन्सर आहेत, आत कॉइल आणि लोहचुंबक, समोर दातेवाली रिंग फिरते, चाक जितकं हळू तितका सिग्नल कमजोर, त्यात सेन्सर आणि रिंगमधली गॅप वाढली की कमी वेगाला सिग्नल गायबच आणि कंप्युटरला वाटतं चाक लॉक झालं.

स्कॅनरवर चारही चाकांचा स्पीड लाइव्ह बघितला, पुढचं डावं चाक बाकीच्यांच्या आधीच शून्यावर. चाक काढलं तर सेन्सरच्या टोकाला लोखंडी भुकटीची दाढी, आणि खाली गंज फुगून सेन्सर चक्क वर उचललेला! आपली मुंबईची खारी हवा, वर पावसाळ्यात सबवेचं पाणी, गंज धरणारच. काढताना पक्कडीने ओढू नका, गंजाचं ऑइल मारून थांबा आणि हळूहळू फिरवत काढा, प्लास्टिक पटकन तुटतं. बसायची जागा पॉलिश पेपरने घासली, रिंग ब्रशने. मल्टीमीटरवर डावं-उजवं रेझिस्टन्स जवळपास सारखं, म्हणजे कॉइल ठीक, पैसे वाचले. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरवाल्यांनी मात्र ओहम मोजू नयेत, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं.

आता ती भुकटी आली कुठून? जुने ब्रेक पॅड सेमी-मेटॅलिक, त्यात स्टीलचे तंतू असतात, ते झिजून चुंबकाला चिकटतात. म्हणून यावेळी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सिरॅमिक घेतले, लोखंडी धूळ कमी, आवाज कमी, बंपर-टू-बंपर ट्रॅफिकला मस्त. फक्त पुण्याहून येताना बोरघाट उतरायचा असतो म्हणून पॅडवरचा कोड नीट वाचून घेतला, पहिलं अक्षर थंड असतानाची पकड, दुसरं गरम झाल्यावरची, एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ई म्हणजे त्याहून कमी. एफएफ घेतले, एफई घाटासाठी मी तरी घेणार नाही. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत परत परत ब्रेक मारून नवीन पॅड डिस्कवर घासून बसवले, मधे पूर्ण थांबायचं नाही.

पेडलची थरथर बंद!! आता ब्रेक फ्लुइड बदलायचं बाकी, माझं डॉट ४ ग्रेडचं, ते हवेतली ओल खेचतं आणि उकळबिंदू खाली येतो, घाटात तेच नडतं. एबीएसवाल्या गाडीचं ब्लीडिंग (जुनं फ्लुइड आणि हवा लाइनमधून बाहेर काढणं) घरी कुणी केलंय का, स्कॅनरने पंप चालवावा लागला की नुसतं पेडल मारून भागलं?