भिंत कोरडी होईपर्यंत हीट पंप नाही

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात आम्ही दोघांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेले शेतघर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले आहे. भिंती जवळजवळ ६० सेंटीमीटर जाडीच्या आहेत: आतून आणि बाहेरून वालुकाश्माचा एकेक थर आणि मध्ये चुना, माती व दगडगोट्यांची भर. एवढी जाड भिंत थंडी सहज अडवेल, असे घर पाहायला गेलो तेव्हा वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्या जानेवारीत दिवसभर बॉयलर चालवूनही बैठकीच्या खोलीचे तापमान १५ अंशांच्या वर गेले नाही. गावापर्यंत गॅसची वाहिनी आलेली नसल्यामुळे हा बॉयलर रॉकेलवर चालतो आणि अंगणातील टाकी किती झपाट्याने रिकामी होते, हे रोज डोळ्यांना दिसते.

म्हणून नूतनीकरणाचा विचार सुरू केला तेव्हा आमचा पहिला प्रश्न होता, हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) कोणता आणि किती किलोवॅटचा घ्यावा. आज मला खात्रीने वाटते की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. घरातून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब मांडला की याचे कारण कळते. अशा दगडी भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे १.७ वॅट उष्णता निघून जाते. आमच्या बाहेरील भिंती ११० चौरस मीटर आहेत. बाहेर उणे ३ आणि आत २० अंश धरले तर केवळ भिंतींतून सुमारे ४,३०० वॅट जातात. आतून ६० मिलिमीटर जाडीचे लाकडी तंतूंचे फलक लावले तर हाच आकडा १,२०० वॅटच्या आसपास येतो. आधीच्या आकड्यावरून घेतलेला पंप नंतरच्या घराला फार मोठा ठरला असता, आणि गरजेपेक्षा मोठा पंप सारखा बंद-चालू होत राहतो, वीज जास्त खातो व लवकर झिजतो.

मात्र फलक लावण्याआधीही एक काम होते. आमच्या भिंती ओल्या होत्या. पूर्वी कोणीतरी दगडांमधले जुने चुन्याचे सांधे खरवडून त्यांत सिमेंट भरले होते. पावसाचे पाणी दगड-सिमेंटमधल्या बारीक भेगांतून आत शिरते. चुन्याच्या सांध्यातून ते वाफ होऊन परत बाहेर पडले असते, पण सिमेंट त्याची वाट अडवते. ओला दगड कोरड्या दगडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता बाहेर नेतो. म्हणजे आमचे बरेचसे रॉकेल त्या पाण्यापायी जळत होते.

हे समजल्यावर मला सातारा जिल्ह्यातील आजोळच्या वाड्याची आठवण झाली. तिथे चुन्याच्या घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा काढून मामांनी सिमेंटचा केला होता आणि काही पावसाळ्यांतच त्याचे पोपडे सुटून खालून ओल फुटली होती. हवामान सर्वस्वी वेगळे असले, तरी चुन्याचा गुणधर्म तोच आहे.

आतून असे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लावल्यावर मूळ दगड पूर्वीपेक्षा थंड होतो, हेही आधीच ध्यानात घ्यावे लागते. स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघरातील वाफ त्या थंड दगडापर्यंत पोहोचली की तिथे दव धरते, आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके वर्षानुवर्षे ओली राहून कुजतात. फोमचे फलक त्याच जाडीत जास्त ऊब राखतात हे खरे, पण ते ओल शोषत नाहीत आणि सोडतही नाहीत. म्हणून आम्ही लाकडी तंतूंचे फलक आणि वर चुन्याचा गिलावा असे ठरवले, जाडीही मुद्दाम ६० मिलिमीटरवर थांबवली आणि खिडक्यांच्या बाजूंना पातळ का होईना, पण फलक घेतला. एरवी नेमकी तीच जागा थंड राहून काळी पडते. न्हाणीघरात वाफ बाहेर काढणारा पंखा हवाच. माळ्यावर इन्सुलेशनचा २७० मिलिमीटरचा थर टाकणे हे सर्वांत स्वस्त आणि सोपे काम. फक्त छपराच्या कडेने हवा खेळती ठेवायची.

जमिनीचा निर्णय सर्वांत कठीण गेला. फरशा थेट मातीवर बसवलेल्या होत्या. त्या क्रमांक घालून उचलायच्या, खाली काच फुगवून केलेल्या, उष्णता अडवणाऱ्या खड्यांचा थर, त्यावर चुन्याचा कोबा व त्यात गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या, असे शेवटी ठरले. जमिनीतील नळ्यांना ३५ अंशांचे पाणी पुरते, आणि पाणी जितके कमी तापवावे लागते तितकी हीट पंपाची वीज वाचते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये अशा पंपासाठीचे अनुदान ७,५०० पौंड झाले. पण अनुदानाच्या घाईने यंत्र आधी बसवणे मला पटत नाही.

चुन्याचे काम ५ अंशांखाली आणि रात्री पाणी गोठत असताना करता येत नाही, म्हणून सांधे एप्रिलमध्ये उकरायला घेतले आणि सप्टेंबरपर्यंत चुन्याने भरून झाले. भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते, असा इथल्या गवंड्यांचा ठोकताळा आहे. त्यामुळे हा हिवाळा जुन्या बॉयलरवरच काढायचा आहे. भिंतीतील ओल मी दर रविवारी त्याच सहा ठिकाणी मोजून वहीत लिहिते; उत्तरेकडची भिंत अजून मागे आहे, आणि ती वाळेपर्यंत फलकांची मागणी नोंदवायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.