तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्ट्रॅक्ट घेऊ का परमनंटची वाट बघू?

नवीन मुलं मला हे सारखं विचारतात आणि बहुतेक वेळा पुढे जोडलेलं असतं की कॉन्ट्रॅक्टवाले महिन्याला थोडे जास्त देतायत. मला काळजी पाचव्या वर्षीच्या पगाराची वाटते.

पगार वाढतो तो हातात काम मुरतं म्हणून, आणि शिकवायचं म्हटलं की एखादा सीनियर त्यात अडकतो, नवख्याच्या चुका निस्तराव्या लागतात. सहा महिन्यांनी जाणाऱ्या माणसासाठी हे कोण करणार? मग त्याला असं काम देतात जे आठवड्यात येतं, आणि वर्षभर तेच. अनुभव कागदावर वाढतो फक्त.

स्पेनने 1984 मध्ये नियम सैल करून नेहमीच्या कामालाही मुदतीची नेमणूक चालेल असं केलं, हेतू चांगला होता, लोकांना काम मिळावं. पण 1990 च्या दशकात तिथे तीन नोकरदारांतला साधारण एक टेम्पररी होता. परमनंट केलं तर पुढे काढताना भरपाई जास्त, म्हणून मुदत संपली की कंपन्या त्याला सोडून नवीन माणूस घ्यायच्या आणि तो पोरगा परत पहिल्या पायरीवर. शेवटी डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी नियम परत आवळले.

आता कुणी म्हणेल की मग परमनंटला चिकटून बसायचं का. तसंही नाही. टोपेल आणि वॉर्ड या अर्थशास्त्रज्ञांचा 1992 चा अमेरिकेतल्या तरुण पुरुषांवरचा अभ्यास आहे, पहिल्या 10 वर्षांत साधारण 7 नोकऱ्या, आणि त्या काळातल्या पगारवाढीतला किमान एक तृतीयांश भाग नोकरी बदलताना मिळालेला. म्हणजे बदलणं चांगलंच, पण हातातली नोकरी चालू असताना दुसरी ऑफर आली तर तुम्ही आकडा सांगता, आणि तारीख संपली म्हणून बाहेर पडलात तर समोरचा सांगतो. दोन्हीला आपण नोकरी बदलली असंच म्हणतो, हे मला फार खटकतं.

म्हणून इंटरव्ह्यूत न लाजता विचारा, गेल्या दोन वर्षांत कॉन्ट्रॅक्टवरचे किती जण कायम झाले, आणि मला नवीन काय शिकायला मिळेल. उत्तर गोलमोल आलं आणि दुसरा पर्याय असेल तर सोडा. घरची गरज असेल तर घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच पुढची नोकरी शोधायला लागा, रिन्यू करतो असं कुणी तोंडी सांगितलं असलं तरी.