कडीच्या पालखीमागून

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरून डरहॅमच्या कॅथेड्रलकडे, संत कथबर्टच्या समाधीकडे, चालत निघाले तेव्हा ओहोटी होती. भरतीचं टाइमटेबल दोनदा बघून अनवाणीच वाळूत उतरले, खांबांच्या रांगेच्या कडेकडेने, आणि तो काळा गार चिखल बोटांमधून वर यायला लागला तसं आपोआप तोंडात ज्ञानोबा माऊली तुकाराम आलं. संत कथबर्ट याच बेटावरचा, 687 साली गेला. इथली माणसं त्याला अजून लाडाने कडी म्हणतात, आपण ज्ञानबा म्हणतो तसंच.

मधले दिवस आता एकमेकांत मिसळलेत. पाऊस, मेंढ्या, खांद्यात रुतलेला बॅगेचा पट्टा. डोक्यात एकच, की 875 साली डेन लोकांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, भीतीने भिक्षूंनी याची शवपेटी उचलली आणि सात वर्षं घेऊन फिरले. आपण पादुका नेतो, यांनी अख्खा देह नेला! बेटावरच्या चर्चमध्ये लाकडात कोरलेले सहा भिक्षू आहेत, पेटी खांद्यावर घेतलेले. त्यांच्यापुढून मला हलवेना.

चेस्टर-ल-स्ट्रीट या गावाच्या अलीकडे टाचेचा फोड फुटला. एका घराच्या बुटक्या भिंतीवर बसले, मोजा काढायला गेले तर तो कातडीला चिकटलेला. आदल्या रात्री राहायच्या जागी गरम पाणी नव्हतं, झोप नव्हती, सगळ्याचाच राग आला, कडीचासुद्धा. इतक्या लांब कशाला नेलं याला, एका जागी ठेवायचं ना, असं मोठ्याने मराठीत म्हणाले आणि रडू फुटलं.

तेवढ्यात कचऱ्याचा डबा घेऊन एक म्हातारी बाहेर आली, पायाकडे बघितलं आणि म्हणाली, आत ये, पेट. इकडे लाडाने सगळ्यांनाच पेट म्हणतात, पण त्या क्षणी ते फक्त मला म्हटल्यासारखं वाटलं. किचनमध्ये खुर्चीवर बसवलं, भांडी घासायच्या टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. स्वतःचे गुडघे दुखत होते तिचे, टेबलाला धरून खाली बसली, मी नको नको म्हणतेय. मग आई आठवली. वारीत गावोगावची लोकं पाय चेपायला पुढे येतात तेव्हा नाही म्हणायचं नसतं, त्यांचीही वारी असते ती, असं ती सांगायची. मी गप्प बसले. तिने टॉवेलने एकेक बोट वेगळं करून पुसलं, बोटांच्या बेचक्यासुद्धा, लहान मुलाचे पुसतात तसे. पट्टी लावली, वर नवऱ्याचे जाड राखाडी लोकरी मोजे चढवले आणि चीज घातलेली स्टॉटी, इकडचा जाड गोल पाव, हातात दिली. डरहॅमला गेल्याला खूप वर्षं झाली म्हणाली, त्या चढाला आता गुडघे ऐकत नाहीत. नाव ना तिने विचारलं ना मी.

चेस्टर-ल-स्ट्रीटच्या चर्चमध्ये जेमतेम पाच मिनिटं थांबले, 112 वर्षं तो देह जिथे होता तिथे. वाटेतला पडका मठ, फिंकल प्रायरी, पावसात गेला.

995 पासून तो डरहॅमला आहे. कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर फरशीत काळ्या फ्रॉस्टर्ली मार्बलची पट्टी दिसली. पूर्वी, इथे भिक्षू राहायचे त्या काळी, बायकांनी तिच्यापुढे यायचं नाही. अंग तापलं माझं. माझी आई डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून चालत गेलेली बाई आहे, आणि इथे माझ्यासारख्या किती जणी शेकडो मैल तुडवून या रेघेशी थांबल्या असतील? लंगडत ती रेघ ओलांडली आणि पलीकडे जरा वेळ नुसती उभी राहिले.

बीड नावाच्या जुन्या संत-इतिहासकाराची समाधी दुसऱ्या टोकाला आहे, तिथे हात जोडले. मग मुख्य वेदीच्या मागे. कडीची मढवलेली समाधी आठव्या हेन्रीच्या माणसांनी फोडून नेली, आता जमिनीत एक साधी शिळा, त्यावर फक्त नाव. खाली त्याच्यासोबत इथल्या जुन्या राजाचं, ऑस्वल्डचं, शिरही पुरलंय.

पायऱ्यांशी बूट काढले, देवळाची सवय. त्या म्हातारीने दिलेल्या मोज्यांवर वर गेले आणि शिळेवर माथा टेकला. दगड गार होता. वाकताना टाच ठणकली. पलीकडे संध्याकाळच्या प्रार्थनेचं गाणं सुरू झालं, तरी मी डोकं उचललं नाही.