रेघ फोटोत नव्हतीच

"ही रेघ मूळ फोटोत नाहीये हो," स्कॅन पडद्यावर मोठा करताच काकू म्हणाल्या. खरंच नव्हती. १९७० च्या दशकातला रंगीत प्रिंट, त्या काळी चालायचा तसल्या बारीक दाणेदार कागदावरचा. त्यांच्या आईचा एवढाच एक फोटो शिल्लक होता. स्कॅनमध्ये मात्र वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढुरकी रेघ, आणि तीही नेमकी उजव्या बुबुळावरून.

जुने फोटो आणि कागदपत्रं स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. सोबतच्या मुलाने लगेच क्लोन टूल घेतलं. "ताई, पाच मिनिटांत पुसून टाकतो." काकू पटकन म्हणाल्या, "पुसा, पण डोळा नवा काढून देऊ नका."

मी त्याला थांबवलं. क्लोन टूल शेजारचे पिक्सेल उचलून दुसरीकडे भरतं. भिंतीवर, आकाशावर ते खपून जातं. डोळ्यात तसं केलं तर जी नजर उरते ती त्या बाईची नसते, आपण बनवलेली असते. शिवाय रेघ कुठून येते हे कळलं नाही तर पुढच्या प्रत्येक फोटोत ती पुसतच बसावं लागणार.

फोटो काचेवर आडवा ठेवून पुन्हा स्कॅन केला. आता रेघ डोळ्यावरून नाही, गळ्यातल्या मण्यांवरून आडवी गेली. म्हणजे काचेच्या डाव्या कडेपासून तिचं अंतर तेवढंच राहिलं होतं. प्रिंट सुटला, दोष यंत्राकडे गेला.

पण यंत्रात कुठे? मुलगा काच पुसायला निघाला. काचेवरच्या कणाने अशी रेघ येत नाही. सेन्सरची पट्टी त्या कणाखालून सरकून पुढे जाते, त्यामुळे फोटोत ठिपका उमटतो, सलग रेघ नाही. पट्टी सरकते त्याच दिशेने पूर्ण लांबीची रेघ आली, तर सेन्सरच्या ठरावीक घटकाचंच, म्हणजे उजेड मोजणाऱ्या एखाद्या बारीक बिंदूचं, वाचन प्रत्येक ओळीत चुकतंय असं समजायचं.

इथे रेघ उजळ आहे की गडद, हे फार महत्त्वाचं. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा, स्कॅनर स्कॅनआधी, काचेच्या एका टोकाला चौकटीखाली चिकटवलेली पांढरी पट्टी बघतो. सगळे घटक तिथे सारखंच पांढरं वाचतील अशी जुळणी तो करून घेतो. त्या पट्टीवर धुळीचा कण असेल तर त्याच्यासमोरच्या घटकाला पांढरं कमी दिसतं. यंत्राला वाटतं हा घटक मंद आहे, आणि ते त्याचं वाचन वाढवून ठेवतं. मग पूर्ण फोटोभर त्या जागी सगळं जरा जास्तच उजळ येतं. आमची रेघ तशीच होती.

खात्रीसाठी राखाडी कार्ड स्कॅन केलं. पांढरा कागद या कामाला उपयोगाचा नाही, कारण ० ते २५५ या उजेडाच्या मापात तो आधीच २५५ च्या आसपास असतो, आणखी उजळायला जागाच नसते. राखाडीवर कर्व्ह्ज, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवायचं साधन, खूप तीव्र केल्यावर पहिल्या रेघेच्या बाजूला आणखी एक फिकट रेघ दिसली. पट्टीवर कण एकापेक्षा जास्त होते तर.

यंत्राची वीज काढली, काचेची चौकट उघडली आणि टॉर्च तिरका धरला. पट्टीवर कापसाचा एक बारीक तंतू चिकटलेला होता, शेजारी पिठासारखी धूळ. आधी हवेच्या फुग्याने उडवलं, मग कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकंच टिपलं. पट्टीला ओला बोळा लावायचा नाही, डाग पडला तर तोही प्रत्येक फोटोत येईल. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि कार्ड स्कॅन केलं. रेघ गेली होती.

मधे एक वेगळीच अडचण होती. नव्या संगणकावर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून स्कॅनर दिसतच नव्हता. सॉफ्टवेअर ६४ बिटचं आणि स्कॅनरला सॉफ्टवेअरशी जोडणारा ट्वेन ड्रायव्हर ३२ बिटचा, ही जोडी जमत नाही. त्यावर डोकं आपटण्यापेक्षा स्कॅनरच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून स्कॅन करावं. फक्त त्यातलं ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, रंगसुधारणा सगळं आठवणीने बंद करायचं, आणि १६ बिट टिफ, म्हणजे तपशील न गमावता साठवणारी फाइल, घ्यायची. साडेतीन बाय पाच इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) सुमारे ३८ एमबी होतो. १२०० ला फाइल चौपट होते, पण कागदी प्रिंटमधून सहसा त्या मानाने नवा तपशील मिळत नाही.

रेघ गेल्यावर कागदाची जाळी जास्तच डोळ्यात भरू लागली. मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोन साऱ्या चेहऱ्यावर. स्कॅनरचा दिवा एका बाजूने तिरका पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची एक बाजू चमकते आणि दुसरी सावलीत जाते. म्हणून प्रिंट १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घेतला, सॉफ्टवेअरमध्ये सरळ केला, पहिल्यावर नीट जुळवला आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के केली. एकातली चमक दुसऱ्यातल्या सावलीवर येते आणि दोन्ही बऱ्याच अंशी फिटतात. ही रीत मला सर्वात प्रिय आहे, कारण तिच्यात चेहऱ्याचा एकही पिक्सेल मनाने बनवावा लागत नाही.

उरलेली जाळी इमेजजे या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली. लाल, हिरवा, निळा असे थर सुटे करून प्रत्येकाचं फूरिये रूपांतर केलं, म्हणजे चित्रात कुठली नक्षी किती वेळा परत येते त्याचा नकाशा काढला. नियमित नक्षी तिथे मध्याभोवती ठळक ठिपक्यांच्या रूपात उमटते. तेवढेच ठिपके काळे करायचे आणि उलट रूपांतराने पुन्हा चित्र मिळवायचं. मधल्या उजेडाला हात लावायचा नाही, चित्राचा मोठा भाग तिथेच असतो. ठिपके फार मोठे रंगवले तर साडीच्या काठाचं विणकामही जाळीबरोबर जातं, म्हणून दोन थर मी मुद्दाम पुन्हा केले.

काकूंनी पडद्याजवळ चष्मा नेऊन उजवा डोळा पाहिला. पापणीखाली तीळ होता, तो त्यांना आठवत नव्हता. प्रिंट भिंगाखाली धरून दाखवला. तीळ तिथेही होता.

त्यांना दुरुस्त फोटो दिलाच, सोबत जाळी दिसणारे दोन्ही कच्चे टिफ स्कॅनही पेन ड्राइव्हवर घालून दिले. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "जाळी काढायची याहून चांगली रीत उद्या निघेल, आणि तोवर प्रिंट अजून फिका पडलेला असेल. तेव्हा सुरुवात यांच्यापासून करता येईल."